विमानाचा अर्ज

श्रीमंत अकोलकरांनी आयुष्यात कोणाचाही अर्ज एका फेरीत पुढे जाऊ दिला नव्हता. यात दुष्टावा अजिबात नव्हता. नगरच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि अर्ज हा मुळात परत पाठवण्यासाठीच लिहिलेला असतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. कुठे समास अपुरा असायचा, कुठे सही रेघेच्या खाली उतरलेली असायची, कुठे काहीच चुकलेलं नसायचं आणि मग त्यांना जास्तच संशय यायचा. त्यामुळे त्यांच्या मुलीने, विजयमालेने, एका सकाळी चहाच्या कपाशेजारी एक कोरा अर्ज ठेवला तेव्हा त्यांनी सवयीने चष्मा चढवला, लाल पेन्सिल उचलली आणि पहिली ओळ वाचून पेन्सिल खाली ठेवली.

अर्ज विमान चालवण्यासाठी होता.

सन बहात्तर नुकतंच लागलं होतं. लढाई संपली होती, पण नगरला लष्कराची छावणी असल्यामुळे ती आपल्याच अंगणात झाली असं सगळ्या गावाचं मत होतं, आणि खिडक्यांना डकवलेले काळे कागद अजून कोणी काढले नव्हते. जो तो विमानांबद्दल बोलत होता. मात्र विमानाबद्दल बोलणं निराळं, विमानात बसणं निराळं, आणि ते चालवणं तर सावेडीत राहणाऱ्या माणसाच्या घरात शोभण्यासारखं नव्हतंच. सावेडी म्हणजे तेव्हा गावाबाहेरची चार बैठी घरं. संध्याकाळनंतर रिक्षावाला तिकडे यायला कुरकुरायचा.

विजयमाला, म्हणजे घरची माळा, फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झाली होती, दुसऱ्या वर्गात, आणि वर्षभर घरी होती. शेजारच्या मुलांना गणित शिकवायची आणि पाहुणे तिला बघायला आले की पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायची. पाहुणे पोहे खायचे, नाव विचारायचे आणि पत्राने कळवतो म्हणून जायचे. शेवगावचं एक स्थळ मात्र बरंच जवळ आलं होतं. अशात तिने वाचनालयातल्या इंग्रजी पेपरात जाहिरात पाहिली. एका विमान कंपनीला शिकाऊ वैमानिक हवे होते. विज्ञानाचा पदवीधर असला की बाकीचं सगळं कंपनी आपल्या खर्चाने शिकवणार होती. तिने पत्र टाकून अर्जाचा नमुना मागवला आणि तो चक्क आला.

अकोलकर म्हणाले की हे मुलांसाठी असतं. माळा म्हणाली, कुठे लिहिलंय?

या प्रश्नाने त्यांचा घात केला. त्यांनी सोबतची माहिती वाचली, पुन्हा वाचली, मग खिडकीशी नेऊन वाचली. कलम चार: उमेदवार भारताचा नागरिक असावा, अविवाहित असावा, अमुक उंचीचा असावा. पुरुष असावा, असं कुठेही नव्हतं. आणि नियमात जे नाही ते अडवता येत नाही, हे तर त्यांनीच कचेरीतल्या सगळ्या पोरसवदा कारकुनांना शिकवलेलं. ते हताशपणे स्वयंपाकघराकडे बघत राहिले. त्यांची बायको, केशरबाई, आतूनच म्हणाली, "अहो, अर्जच तर करायचाय. तुमच्या कचेरीत किती अर्ज मंजूर होतात?"

हा युक्तिवाद त्यांना पटला. अर्ज करायला हरकत नाही, तो नामंजूर होईल, पोरीची हौस फिटेल आणि शेवगावकरांना काही कळणार नाही. एवढ्या भक्कम पायावर कामाला सुरुवात झाली.

पहिली अडचण नावापाशीच आली. अर्जावर 'श्री.' असं छापलेलं होतं. अकोलकरांनी ते खोडून वर 'कुमारी' लिहिलं आणि खाडाखोड प्रमाणित करण्यासाठी सवयीने शेजारी आपली आद्याक्षरं ठोकली. मग लक्षात आलं की उमेदवाराच्या अर्जातली खाडाखोड उमेदवारानेच प्रमाणित करायची असते. त्यांनी आपली आद्याक्षरं खोडली. ती खोडल्याचं प्रमाणित करणं आलं. असं करता करता नावाच्या जागी एक निळं डबकं तयार झालं आणि दुसरा नमुना मागवावा लागला.

जन्मतारखेचा प्रश्न सोपा होता, कारण अकोलकरांचं गाव पाथर्डीकडचं, आणि पाथर्डी तालुक्यातली त्या काळातली सगळी मुलं एक जूनलाच जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर बापाच्या तोंडाकडे बघायचे, बाप आभाळाकडे बघायचा आणि मास्तर एक जून लिहायचे. माळेच्या जन्माच्या वेळी अकोलकर गावीच होते. तेव्हा बाजरीची खळी चालू होती एवढं केशरबाईंना नक्की आठवत होतं, म्हणजे जून असणं शक्यच नव्हतं. परंतु दाखल्यापुढे आईचं काही चालत नाही.

चारित्र्याच्या दाखल्याने मात्र त्यांना खरा हिसका दाखवला. तो राजपत्रित अधिकाऱ्याचा हवा होता. त्यांचे साहेब नागपूरहून नुकतेच बदलून आलेले, त्यांनी माळेला पाहिलेलंसुद्धा नव्हतं. पण भला माणूस होता. म्हणाला, तुम्हाला ओळखतो तेवढं पुरे. टायपिस्टने नेहमीचा मजकूर छापला आणि साहेबांनी सही केली. घरी आल्यावर माळेने वाचलं तर त्यात 'हा गृहस्थ' सद्वर्तनी असून निर्व्यसनी असल्याचं लिहिलेलं. दुरुस्ती करून घ्यावी तर साहेब दौऱ्यावर. साहेब आले तर टायपिस्ट रजेवर. दोघं सापडले तर शिक्का कुलपात आणि किल्ली भलत्याच कारकुनाच्या खिशात. आपल्या कचेरीत अर्जदार होऊन उभं राहणं म्हणजे काय असतं ते अकोलकरांना तेव्हा कळलं. व्हरांड्यात एका बाकावर बसून ते वाट बघत होते, आणि शेजारी बसलेला एक शेतकरी त्यांना धीर देत म्हणाला, "हितला हेडक्लार्क लई वंगाळ हाय म्हनत्यात. तुमचं काम त्येच्याकडंच हाय का?" अकोलकरांनी मान हलवली. खोटं बोलायची सवय नव्हती.

एव्हाना बातमी शेजारी पोचली होती. शेजारी म्हणजे गर्जेनाना. कानिफनाथ गर्जे हे छावणीच्या कोठारातून निवृत्त झालेले. त्यांची सगळी नोकरी सैन्याचे बूट आणि घोंगड्या मोजण्यात गेली होती, पण त्यामुळे संरक्षणाच्या सर्व शाखांवर बोलायचा आपल्याला हक्क आहे असं ते मानत. त्यांनी येताच माळेला उजवा डोळा झाकून समोरच्या कडुनिंबावरची पानं दिसतात का ते विचारलं. मग डावा झाकायला लावला. मग दोन्ही. गाजरं खा म्हणाले. वैमानिकाला सर्दी चालत नाही, म्हणून नाकात तूप सोडा म्हणाले. आणि शेवटी मुद्द्यावर आले, की उंचीचं काय?

उंची काठावर होती. शिंप्याच्या टेपने मोजली तर बसत होती, डॉक्टरांकडच्या पट्टीवर बसत नव्हती, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे सकाळी बसत होती आणि संध्याकाळी नव्हती. नानांनी सांगितलं की माणूस दिवसभरात दबतो, हे शास्त्र आहे. त्यावर उपाय म्हणजे लोंबकळणं. रोज सकाळी फांदीला लोंबकळलं की मणके सुटे होतात आणि बोटभर उंची सहज वाढते. सैन्यात असंच करतात. सैन्यात असं कोण करतं, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

माळेला हे पटलं नाही. सावेडीत झाडाला लोंबकळणारी मुलगी म्हणून नाव झालं असतं तर शेवगावच काय, पुढचे चार तालुके हातचे गेले असते. पण अकोलकर आता इरेला पेटले होते. ही एक गंमत आहे. ज्या अर्जाला ते नामंजूर होण्यासाठीच हातभार लावत होते, त्याच्यासाठी इतके हेलपाटे झाले की तो मंजूर न होणं त्यांना आपला अपमान वाटायला लागला. लोंबकळण्यात लाजण्यासारखं काय आहे, असं म्हणत त्यांनी विजार वर ओढली, स्टुलावर चढून कडुनिंबाची फांदी धरली आणि पाय सोडले. नानांनी स्टूल बाजूला घेतलं. फांदी क्षणभर विचारात पडली आणि मग हेडक्लार्कांसह खाली आली.

घोटा मुरगळला. गर्जेनानांनी लष्करी पद्धतीने तो चोळला, त्यामुळे तो जास्त सुजला. दुसऱ्या दिवशी काठी टेकत अकोलकर कचेरीत गेले तेव्हा तिथे बातमी पोचलेलीच होती, फक्त प्रवासात तिचं रूप पालटलं होतं. लोकांनी विचारलं, विमान किती उंचीवर होतं?

मुलाखतीचं बोलावणं आलं तशी पाथर्डीहून त्यांची थोरली बहीण आक्काबाई आली. तिला कोणी कळवलं नव्हतं. एसटीच्या कंडक्टरकडून कळलं म्हणाली. तिने उंबऱ्यातच पिशवी ठेवली आणि भावाला विचारलं, "श्रीमंता, पोरगी इमान हाकनार म्हनं. मग लगीन कुनाशी लावायचं, घारीशी?" शेवगावकरांनाही कंडक्टरकडूनच कळलं असावं, कारण त्यांचं पत्र आलं की मुलगा सध्या लग्न करत नाही. केशरबाईंनी तो सगळा दिवस भांडी जरा जोरात घासली. संध्याकाळी माळेची वेणी घालताना मात्र त्या म्हणाल्या की त्या मुलाचे कान मला तसेही पसंत नव्हते.

आणि मग बापलेक मुंबईला गेले. अकोलकरांनी लग्नातला कोट घातला होता, त्याचं एक बटण पोटाशी भांडत होतं, हातात काठी, पायाला पट्टी. माळेने आक्काबाईच्या हट्टाने इरकली साडी नेसली होती. कंपनीच्या कचेरीबाहेर सुटातली पोरं रांगेने बसलेली. दाराशी एक कारकून होता. त्याने अकोलकरांकडचं पत्र घेतलं आणि विचारलं, मुलगा कुठे आहे? अकोलकर म्हणाले, मुलगी आहे. कारकुनाने माळेकडे पाहिलं, समजून हसला, आणि म्हणाला की मग तुम्ही चुकलात, मुलींचं पलीकडच्या इमारतीत आहे.

हुद्द्याने आपल्या बरोबरीचा कारकून इतक्या खात्रीने सांगतोय म्हटल्यावर अकोलकरांनी ते प्रमाण मानलं. पलीकडच्या इमारतीत खरंच मुलीच मुली होत्या. माळेला आत बोलावलं, वजन केलं, चालायला लावलं, मग हातात एक तबक दिलं आणि पाण्याचे भरलेले पेले न हिंदकळता खोलीभर फिरवायला सांगितले. माळेने फिरवले. पोह्यांच्या बशांचा सराव दांडगा होता. तिला वाटलं, हात स्थिर आहे का ते बघत असतील. मग एका बाईंनी विचारलं की विमानात प्रवासी घाबरला तर तुम्ही काय कराल? माळेने बाईंनाच प्रवासी समजून पंखावरच्या आणि पंखाखालच्या हवेचा दाब समजावून सांगायला सुरुवात केली. कागद मागून आकृतीही काढली. बाई भल्या होत्या. त्यांनी आकृती पूर्ण होऊ दिली, मग पत्र मागितलं, वाचलं आणि कपाळाला हात लावला. ही हवाई सुंदरींची मुलाखत होती.

"पण तुम्ही इथे पास झालात," बाई म्हणाल्या. "हवी असेल तर नोकरी आहे. बाहेर वडील आहेत, त्यांना विचारून या."

अकोलकर बाहेर बाकावर पाय लांब करून बसले होते. त्यांना हे कळलं आणि खरं सांगायचं तर त्यांचा जीव भांड्यात पडला. हातात आलेली नोकरी, कंपनीची नोकरी, विमानातलीच नोकरी. पुन्हा कुठे जायचं ते सुटातल्या पोरांच्या रांगेत, तो कारकून, ती खाडाखोड! त्यांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं की माळे, हेही काही वाईट नाही.

"वाईट नाहीच," माळा म्हणाली. "पण अण्णा, तबकच फिरवायचं होतं तर आपल्या घरी पाहुणे कमी येत होते का?"

वर्षभर बशा घेऊन बाहेर येणारी ही मुलगी आतल्या आत काय म्हणत असेल, हे अकोलकरांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांनी काठी उचलली. "चल," म्हणाले.

पहिल्या इमारतीत रांग संपत आली होती. कारकुनाने घड्याळ दाखवलं. नाव पुकारलं होतं, हजर नव्हते, गैरहजर लावलं. अकोलकरांनी आयुष्यभर हे वाक्य स्वतः म्हटलेलं होतं, त्यामुळे त्यावरचं उत्तरही फक्त त्यांनाच ठाऊक होतं. गैरहजेरी उमेदवाराच्या कसुरीने की कचेरीच्या कसुरीने, ते कोणत्या कागदावर नोंदवलंय? कलम चारमध्ये पुरुष शब्द कुठे आहे? दुसऱ्या इमारतीत पाठवण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या हुकुमाने? तो हुकूम पाहायला मिळेल का, की त्याच्या नकलेसाठी वेगळा अर्ज करू? आवाज अजिबात चढलेला नव्हता. मुरलेल्या हेडक्लार्कचा आवाज चढत नसतो, तो थंड होत जातो. कारकून उभा राहिला. दार उघडून आतून कोणीतरी काय चाललंय म्हणून विचारलं, आणि कारकुनाने दोघांनाही आत घालून दार लावून घेतलं.

अशा रीतीने श्रीमंत अकोलकरही मुलाखतीला बसले. टेबलामागे तिघं होते, मधले पांढऱ्या मिशांचे कॅप्टनसाहेब. देवळालीला बालपण गेल्यामुळे त्यांना मराठी येत होतं. माळेला त्यांनी बरंच विचारलं, इंग्रजीत. वाऱ्याचा वेग, नकाशा, दिशा. तिने उत्तरं दिली. काही चुकली, पण चुकली तेव्हा तिने तसं सांगितलं. मग साहेबांनी मराठीत विचारलं, तुला विमान कशाला चालवायचंय?

"आमचं गाव पाथर्डीकडे आहे," माळा म्हणाली. "ढग येतात, आमच्यावरून जातात आणि पडत नाहीत. लहानपणापासून खालून बघतेय. एकदा वरून बघायचंय, जातात कुठे."

मग साहेब अकोलकरांकडे वळले. या नोकरीत परगावी मुक्काम करावा लागतो, मुलगी चार चार दिवस घरी येणार नाही, वडील म्हणून तुमची हरकत आहे का? अकोलकर उठून उभे राहिले. त्यांनी प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार केला आणि म्हणाले, "मुक्कामाचा भत्ता नियमाप्रमाणे मिळणार असेल तर हरकत नाही."

टेबलामागचे तिघं इतके हसले की एकाचा चष्मा खाली पडला. यात हसण्यासारखं काय आहे, ते अकोलकरांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. भत्त्याचं आधी ठरवून घेतलेलं बरं असतं.

मुलाखतीत माळा पास झाली. मग तिला एका खोलीत नेलं, तिथे विमानाच्या पुढच्या भागासारखी एक बैठक मांडलेली होती. तिच्यात बसवलं आणि पायाखालचे दोन दट्टे शेवटपर्यंत दाबायला सांगितले. माळा सरकून बसली, ताणून बसली. ओठ चावून बसली. पाय पोचेनात. अगदी थोडक्यात, बोटाच्या एका पेराने, पण पोचेनात. उंचीची सगळ्यांनी काळजी केली होती, पायांची वेगळी लांबी असते हे गर्जेनानांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

कॅप्टनसाहेबांनी हे स्वतः बाहेर येऊन सांगितलं. मोठ्या विमानात ते चालत नाही, म्हणाले. माळेने मान हलवली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती. जाता जाता साहेब थांबले आणि म्हणाले की पुण्याला हडपसरच्या माळावर लहान विमानं चालवायला शिकवतात. तिथे पाठीमागे उशी घालून बसलं तरी कोणी विचारत नाही.

नगरला परतताना अकोलकरांनी गाडीत एक छोटं भाषण तयार केलं होतं. ते वाया गेलं. घरासमोर गर्जेनाना हार घेऊन उभे होते, त्यांच्यामागे गल्ली. पाय पोचले नाहीत, एवढंच अकोलकरांच्या तोंडून निघालं. नानांनी हार घालायचा की नाही याचा थोडा विचार केला आणि फुलं सुकतील म्हणून तो अकोलकरांच्याच गळ्यात घातला. लोंबकळण्यात सातत्य हवं होतं, असं त्यांनी नोंदवून ठेवलं. दुसरं कोणी म्हणालं की गाजरं कमी पडली. साडीऐवजी पंजाबी ड्रेस हवा होता, देवीला नारळ आधी फोडायला हवा होता, मुंबईत आमचा मेव्हणा होता त्याला का नाही भेटलात? माळा आत निघून गेली. आक्काबाई दारात पाय पसरून बसली होती, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीचं पाय आखूड न्हाईत. त्येंचं इमानच लांब हाय." मग तिने गल्लीला घरी जायला सांगितलं, आणि गल्ली गेली.

पण सल्ले गेले नाहीत. ते रोज येत राहिले, सकाळी दुधाबरोबर, कचेरीत फायलींबरोबर. शिक्षिका करा. बँकेत चिकटवा. शेवगावकरांना पुन्हा लिहा. माळा मुलांना गणित शिकवायची आणि कोणाशी फारसं बोलायची नाही. अकोलकरांना घरात एक नवाच त्रास सुरू झाला. ती बशी घेऊन आली की त्यांना ती हातात घेववेना. एका शनिवारी ते कचेरीतून आले आणि कोणालाही न विचारता म्हणाले, "माळे, उद्या हडपसरला जाऊ. एक उशी घे."

केशरबाईंनी दोन दिल्या.

हडपसरचा माळ म्हणजे नुसतं वाळलेलं गवत, एका टोकाला शेड, आणि शेडबाहेर एक लांब पंखांचं विमान एका कुशीवर कललेलं. तिथले शिक्षक कमी बोलणारे होते. अकोलकरांना हे फार आवडलं. शिक्षकांनी माळेला पुढच्या जागेवर बसवलं, उशा ठेवल्या, पाय पोचतात का पाहिलं. पोचले. स्वतः मागे बसले. माळाच्या दुसऱ्या टोकाला एका यंत्राने दोर गुंडाळायला सुरुवात केली आणि पतंग चढावा तसं ते विमान सरळ आभाळात चढलं. मग दोर सुटून खाली पडला.

अकोलकर कान देऊन उभे होते. विमानाचा आवाज येईना. त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं की यंत्र कधी सुरू करतात. तो म्हणाला, याला यंत्र नसतं.

अकोलकरांना खाली बसावं लागलं. वर, त्यांची एकुलती एक मुलगी, दोन उशांवर, यंत्र नसलेल्या विमानात गोल गोल फिरत होती आणि तिच्या आजूबाजूला खरंच दोन घारी होत्या. ते बघत राहिले. मान दुखेपर्यंत बघत राहिले. विमान पडत नव्हतं. उलट वर जात होतं. शेजारचा माणूस सांगत होता की जमीन तापली की हवा वर उठते, तिच्यावर हे तरंगतं. कोरडा मुलूख असला की फार छान. तुमच्या पाथर्डीकडे तर झकास उठत असेल. पाथर्डीत काही झकास असेल, असं अकोलकरांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

विमान गवतावर घसटत उतरलं आणि एका पंखावर कललं. माळा बाहेर आली. केस विस्कटलेले, गाल लाल. त्यांनी विचारलं, कसं होतं?

"अण्णा," ती म्हणाली, "वर कोणीच काही बोलत नाही. नुसती वाऱ्याची शीळ."

अकोलकरांनी हे ऐकलं आणि ते उभे राहिले. त्यांना गर्जेनाना आठवले, टायपिस्ट आठवला, कंडक्टर आठवला. त्यांनी कोटाचं बटण काढलं, काठी गवतावर ठेवली आणि शिक्षकांना अतिशय अदबीने विचारलं की त्रेपन्न वर्षांच्या माणसाला घेता का?

ते घेत होते.

दोराने उचललं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. दोर सुटला तेव्हा उघडले. खाली माळ होता, शेतं होती, मुंगीएवढी एसटी होती आणि तिच्यातला कंडक्टर तर दिसतसुद्धा नव्हता. मागचे शिक्षक काहीच बोलले नाहीत. एक मोठं वर्तुळ झालं, मग दुसरं. श्रीमंत अकोलकरांनी हात मांडीवर ठेवले. किती तरी वर्षांत प्रथमच कोणीही त्यांना काहीही सुचवत नव्हतं.

परतताना एसटी स्टँडबाहेर दोघं उसाचा रस प्यायले. माळेचं नाव शिकाऊ म्हणून घातलं होतं. अकोलकरांनी बराच वेळ रसातला बर्फ हलवला आणि सहज म्हणावं तसं म्हणाले की दर रविवारी यायचंच आहे, तर पहिली फेरी मी मारीन, मग तू निवांत शीक. सेवाज्येष्ठतेचा नियमच आहे तसा.

माळेने पेला खाली ठेवला. "ज्येष्ठता रुजू झाल्यापासून धरतात, अण्णा. वयावरून नाही. आणि आज आधी मी गेले होते."

अकोलकरांनी नियम सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला. त्यात कुठेही त्रुटी नव्हती. अर्ध्या तासाने का होईना, मुलगी त्यांना सिनियर होती. त्यांनी तिचं म्हणणं मान्य केलं आणि तिच्यासाठी आणखी एक रस सांगितला.